व्हाइट सँड्सची पावलं: आता तरी २३ हजार वर्षं मान्य करायची का?

गारगोटी: न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला आटलेल्या तळ्याच्या गाळात माणसांच्या पावलांचे ठसे आहेत. २०२१ साली त्यांचं वय २१ ते २३ हजार वर्षं निघालं. आपण वाचत आलो ते असं की दगडी टोकांचे भाले वापरणारे क्लोव्हिस संस्कृतीचे लोक १३ हजार वर्षांपूर्वी आले, तेच अमेरिकेतले पहिले. दगड हत्यारासारखा आपोआपही फुटतो, पण माणूस तिथून चालल्याशिवाय पाऊल उमटत नाही. माझ्या लेखी वाद मिटला.

कुकडीकाठ: पाऊल माणसाचंच, ते मलाही मान्य. वय मान्य नाही. ते काढलं रुपिया या पाणवनस्पतीच्या बियांतल्या कार्बनवरून. ती कार्बन घेते पाण्यातून. त्या पाण्यात चुनखडीचा जुना कार्बन विरघळलेला असेल, तर बी हजारो वर्षं जुनं दिसतं. आमच्या कुकडी नदीकाठच्या बोरी गावातल्या ज्वालामुखीच्या राखेचं काय झालं आठवा. कुणी ती १४ लाख वर्षांची म्हटली, कुणी पावणेसात लाखांची, तर कुणी इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. राख तीच!

गारगोटी: म्हणून तर २०२३ मध्ये त्याच थरांतले पाइन, स्प्रूस, फर यांचे परागकण वेचले. एकेका नमुन्याला ७५ हजार कणांच्या आसपास! ही झाडं कार्बन हवेतून घेतात, तिथे चुनखडीचा प्रश्नच नाही. क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं तेही मोजलं. २०२५ मध्ये चिखलाचंही वय काढलं. सगळं त्याच काळात येतं. आणखी काय हवं?

कुकडीकाठ: पराग जुन्या गाळातूनही वाहून येतो. आणि हत्यारं कुठे आहेत? चूल कुठे आहे? मेक्सिकोतल्या चिकिविते गुहेतले दगड २०२० साली माणसाने घडवलेले म्हणून जाहीर झाले, पण ते नैसर्गिकरीत्या फुटलेले असावेत असं अनेक जाणकारांचं मत आहे. त्याच काळातली दुसरी एखादी पक्की जागाही सापडायला हवी.

जुना वाचक: चिखल तुडवत जाणारा माणूस तिथे चूल कशाला मांडेल? मला चिलीतलं मोंते वेर्दे आठवतं. पुरातत्त्वज्ञ टॉम डिलेहे यांनी १९७७ ला खोदायला घेतलं. तिथली १४,५०० वर्षांपूर्वीची वस्ती बहुतेकांनी मान्य केली ती १९९७ मध्ये, तज्ज्ञ स्वतः जाऊन पाहून आल्यावर. वीस वर्षं! तेव्हाही शंका घेणाऱ्यांची भाषा हीच होती. मात्र कुकडीकाठ, दुसरी अशीच जागा सापडायला हवी, हे तुमचं म्हणणं मला पटतं.

कुकडीकाठ: तेवढंच मागतोय. एक जागा दाखवा, मी मानतो.

गारगोटी: हिमयुगाच्या भरात समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. ते लोक किनाऱ्याने आले असतील, तर तुम्ही मागता ती जागा आज पॅसिफिकच्या तळाशी आहे.