न्यू जर्सीत राहून सर्व्हिस रायफल शूटिंग सुरू करता येतं का?

एडिसनचा_पाव्हणा
मंडळी, कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू रायफल मारायचो, बरी मारायचो, मग नोकरी, लग्न, इकडे येणं यात सगळं सुटलं. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या स्वप्नील कुसळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून किडा परत वळवळतोय. ऑफिसात एक माजी मरीन आहे, तो सर्व्हिस रायफल मॅचेसना (सैन्याच्या रायफलीसारख्या रायफलनं खेळायच्या) जातो, म्हणतो तुझ्यासारख्याला हाच खेळ. पण बाकी सगळे म्हणतात की न्यू जर्सीत राहून हे विसर, पेनसिल्व्हेनियात घर घे आधी 😄 एआर (एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटो रायफल) इथे चालते का, १० गोळ्यांच्या मॅगझीनवर मॅच कशी खेळणार, आणि पहिली रायफल कुठली घ्यावी? ग्रीन कार्ड आहे, सिटिझन नाही अजून. एक मित्र एच-वन-बी वर आहे, त्यालाही यायचंय.

जुना_नेमबाज
पेनसिल्व्हेनिया वगैरे काही नको. मी इथेच राहून खेळतो. १० गोळ्यांची भीती तर आधी डोक्यातून काढ, कारण हा खेळच दहा-दहाच्या हिशोबानं बांधलाय. या मॅचचा ठरलेला क्रम, नॅशनल मॅच कोर्स, बघ, २०० यार्डावरून उभं राहून १० गोळ्या १० मिनिटांत, मग तिथूनच बसून रॅपिड फायर १० गोळ्या ६० सेकंदांत, ३०० यार्डावर झोपून १० गोळ्या ७० सेकंदांत, आणि शेवटी ६०० यार्डावर झोपून २० गोळ्या २० मिनिटांत, त्या एकेक भरून. ५० गोळ्या, ५०० गुण. रॅपिडमध्ये तर मॅगझीन बदलणं सक्तीचंच आहे, आधी २ मग ८. म्हणजे ३० चं मॅगझीन असतं तरी त्याचं लोणचं घालायचं का? जर्सीनं २०१८ ला मॅगझीनची मर्यादा १५ वरून १० वर आणली तेव्हा आमच्या लाईनवर कुणाला काही फरक पडला नाही.

एआरचं म्हणशील तर कोल्टची एआर-१५ नावानिशी जर्सीच्या बंदी यादीत आहे, बाकीच्यांना फीचर मोजतात. काढता येणारं मॅगझीन असलेल्या सेमी-ऑटो रायफलला पिस्टल ग्रिप, मागेपुढे होणारा दस्ता, फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाची ज्वाळा लपवणारा) किंवा त्यासाठी आटे पाडलेली नळी, बेयोनेट लावायची जागा, ग्रेनेड लाँचर, यातलं एकच चालतं, दोन झाली की संपलं. पिस्टल ग्रिप असतेच, मग बाकी काही नको. म्हणजे ए-टू चा (सैन्याच्या एम-१६ ए-टू सारखा) फिक्स दस्ता आणि बिनआट्याची २० इंची नळी, आणि गंमत म्हणजे मॅचला हे चालतंच, नळी २० इंचापेक्षा लांब चालतच नाही. ट्रिगर साडेचार पौंडांपेक्षा हलका नको, आणि २०१६ पासून दुर्बीण चालते ती पण साडेचार पटीपर्यंतच. पण दुकानदार "जर्सी लीगल" म्हणाला म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस, एकेक फीचर स्वतः मोज.

खरा त्रास कागदांचा. एफआयडी कार्डासाठी (जर्सीत रायफल घ्यायला लागणारं ओळखपत्र) लोकल पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, दोन ओळखीची माणसं, ५० डॉलर, आणि २०२२ पासून सेफ्टी ट्रेनिंग. कायद्यात ३० दिवस लिहिलंय, पण गावागणिक वेगळा अनुभव, तेव्हा आज अर्ज कर आणि मग बाकीची चौकशी करत बस.

कागदपत्रवाला
सगळ्यात महत्त्वाचं कुणी बोललंच नाही. तुझ्या एच-वन-बी वाल्या मित्राला सांग, बंदुकीला हात लावू नकोस. फेडरल कायद्यानं नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, रेंजवर भाड्यानं घेऊन पाच मिनिटं चालवली तरी ते बाळगणंच. काही अपवाद आहेत, कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा, पण तेही वकिलाशी बोलूनच. रेंजवरच्या फोटोसाठी कशाला ग्रीन कार्डाची रांग पणाला लावायची. तुला ग्रीन कार्डावर चालतं.

आणि गाडीतून नेताना गोळी भरलेली नको, रायफल बंद पेटीत किंवा कुलूप लावलेल्या डिकीत, आणि घर ते रेंज, रेंज ते घर. मध्ये मित्राकडे जेवायला थांबणं वगैरे नाही. मॅचच्या ७७ ग्रेन वजनाच्या गोळ्यांना टोकाला बारीक भोक असतं, आणि जर्सीत हॉलो पॉइंटचे (पोकळ टोकाच्या गोळ्यांचे) नियम कडक आहेत, म्हणून त्या पण घर-रेंज-घर एवढ्याच फिरवायच्या. इथे चूक झाली तर तुरुंगापर्यंत जाऊ शकतं, "माहीत नव्हतं" म्हणून सुटका नाही.

सॅन_होजेचा_काका
आमच्या कॅलिफोर्नियात पिस्टल ग्रिपचीच बोंब, काढता येणारं मॅगझीन आणि ग्रिप एकत्र आली की झालं असॉल्ट वेपन. लोक ग्रिपला पाचर मारून नाहीतर मॅगझीन फिक्स करून फिरतात, बघवत नाही. म्हणून मी सांगेन गॅरँड घे, एम-वन, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची रायफल. आठ गोळ्यांची क्लिप वरून आत जाते, मॅगझीन सुटं होतच नाही, त्यामुळे तुमच्या आणि आमच्या दोन्ही कायद्यांतून बाहेर. गॅरँडच्या वेगळ्या मॅचेस पण असतात, २०० यार्डावरून ३० गोळ्या, म्हणजे ६०० यार्डाची रेंज शोधायला नको. फक्त नावाला फसून एम-वन कार्बाईन घेऊ नकोस, ती जर्सीच्या बंदी यादीत आहे.

जुना_नेमबाज
काका, गॅरँड झकास आहे, पण सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, या मॅचेस भरवणारी संस्था) स्वस्तात विकते ती फक्त सिटिझनना. याला दुकानातून घ्यावी लागेल, वर तिच्या थर्टी ऑट सिक्स मापाच्या गोळ्यांचा खर्च आणि खांद्याला धक्का. शिकायला टू टू थ्री मापाची एआरच बरी. गॅरँड नंतर हौस म्हणून.

चहा_बिस्किट
घरात पोरं असताना बंदूक आणायची म्हणजे कमाल आहे लोकांची.

जुना_नेमबाज
काळजी बरोबर आहे तुमची. १६ खालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा इथे गुन्हाच आहे. रायफल कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ली माझ्याकडे. ज्याला एवढं जमत नाही त्यानं कॅरम खेळावा.

एडिसनचा_पाव्हणा
सगळ्यांचे आभार. मित्राला लगेच फोन केला, बिचारा हबकला. रेंजचं काय पण? ६०० यार्ड जवळपास कुठे सापडेना.

जुना_नेमबाज
१०० यार्डावरच सुरू कर. कमी अंतरासाठी लहान केलेली टार्गेटं असतात, १०० यार्डावरून २००, ३०० आणि ६०० चा कोर्स खेळता येतो. वाऱ्याचा अंदाज त्यात शिकायला मिळत नाही, पण उभ्यानं मारायची सवय होते आणि गुण तिथेच जातात. कुसळेचं थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, झोपून, उभं. आपल्या या खेळात गुडघ्याऐवजी मांडी घालून बसायचं, ते आपल्या लोकांना सोपं जातं, इथली ढेरीवाली मंडळी तिथे कुंथतात 😄

रायफल आत्ता घेऊच नकोस. त्या मरीनबरोबर जा, बऱ्याच क्लबात उसनी रायफल मिळते, आणि ओहायोत कॅम्प पेरीला उन्हाळ्यात स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूल असतं तिथे रायफल आणि गोळ्या तेच देतात. आधी पैसे घालायचे तर जाड शूटिंग कोट, चामड्याची स्लिंग (रायफलचा पट्टा), चटई, कानाचं संरक्षण आणि एक वही, प्रत्येक गोळी कुठे लागली ते लिहायला. स्लिंग दंडाला घट्ट बांधून झोपायचं घरीच रोज कर, सरावाला काठी पण चालते, बायको हसेल तेवढं सोड. आणि फुल-डिस्टन्स मॅचला गेलास की अर्धा दिवस पिट्समध्ये (टार्गेटांखालचा खंदक) टार्गेट वरखाली ओढावं लागतं, तेव्हा टोपी आणि पाणी भरपूर घेऊन जा.