दोन गाड्यांच्या मधली रत्नागिरी

कोल्हापूरच्या रुळांना पुढं वाट नाही. मिरजेहून आलेली गाडी इथंच संपते. त्यामुळं मंगळूर-केरळकडं जायचं तर आपल्यातले बरेचजण एसटीनं आंबा घाट उतरतात आणि रत्नागिरीला कोकण रेल्वे पकडतात. मधे चार-पाच तास मोकळे मिळतात. तेवढ्यात पहिल्यांदा बघितलेलं ते समुद्राकाठचं गाव कसं वाटलं, लिहा, आणि वर कोल्हापुरातली आपली पेठ किंवा गाव टाका. हापूसवर लिहू नका, ते सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात मीच करतो. 1998 साली कोकण रेल्वे मंगळुरापर्यंत सलग झाली, त्याच दिवाळीत आम्ही निघालो. साखरपा मागं पडलं तसा शर्ट पाठीला चिकटायला लागला. हातखंब्यापासून पुढं मी समुद्र शोधत होतो, दिसत होता नुसता जांभा. आपल्याकडं दगड म्हणजे काळा. इथं घरं, गडगे, विहिरी, सगळं तांबडं, तेही उघडं. वडील खिडकीतून बघत म्हणाले, "अख्ख्या गावाचा गिलावा राहिलाय की रे!"

राजारामपुरी
आम्ही मांडवीला गेलो. वाळू काळी! सासूबाईंचा तिथंच मूड गेला. "ह्यापेक्षा आपला रंकाळा बरा," म्हणाल्या. भेळ खाऊन परत कठड्याशी आलो तर मघाशी उघडे पडलेले खडक गायब, पाणी भिंतीला लागलेलं. आमच्याकडं पाणी चढलं की एकच अर्थ. सासूबाई घाबरून भेळवाल्याला विचारतात, "कुठलं धरण सोडलंय काय?" तो बिचारा हसलासुद्धा नाही. म्हणाला, "भरती आहे ओ काकी. उद्या अजून पाऊण-एक तास उशिरा येईल." पंचगंगेच्या पुरात सामान माळ्यावर चढवणाऱ्या बाईला रोज दोनदा येऊन गुपचूप परत जाणारं पाणी पटेना. गाडीत बसेपर्यंत तोच विषय.

कसबा बावडा
खाणावळीत तिखट मागितलं तर पोऱ्यानं लोणचं आणून ठेवलं. सोलकढीला मी पांढऱ्या रश्श्याची गुलाबी भावंड समजलो आणि वाटीभर भातावर ओतली. शेजारच्या टेबलावरचे आजोबा जेवायचे थांबले. सुरमई मात्र नाद खुळा, त्याबद्दल तक्रार नाही.

उद्यमनगर
माझं लेथचं वर्कशॉप. त्यामुळं मला पहिल्यांदा गंज दिसला. बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, सायकलींच्या चेन, लॉजच्या बाथरूममधला नळसुद्धा. आमच्याकडं पावसाळ्यात उघड्यावर टाकलेल्या लोखंडाची जी गत होते, ती इथं घरातल्या कडी-कोयंड्याची.

जून महिना होता. ताजी मासळी बघायची म्हणून हौसेनं मिरकरवाडा बंदरावर गेलो, तर सगळं बंद. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीला बंदी, माशांच्या विणीचा हंगाम. हे मला तिथं गेल्यावर कळलं. पण फेरी वाया गेली नाही. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटी शाकारलेल्या होत्या, आणि एका आडोशाला एक मेकॅनिक डिझेल इंजिन खोलून बसला होता. पावसात मी तिथंच दोन तास उभा. खाऱ्या पाण्यानं कुठला पार्ट आधी जातो, कशाला पितळ लागतं, कुठं ग्रीस जास्त भरायचं, सगळं त्यानं दाखवलं. कोल्हापूरचा म्हटल्यावर म्हणाला, "मग तुम्हाला काय सांगायचं!" आणि तरी सांगतच राहिला. घरचे थिबा पॅलेस बघून आले, मी ग्रीसचे हात घेऊन. माझं शहर बघून झालं होतं.

मंगळवार पेठ
उद्यमनगरवाल्यांनी पॅलेस सोडला ते चुकलंच. आपला नवा राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य घेतलं आणि मग त्याला इकडं रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा वाडा तयार झाला 1910 ला, आणि 1916 ला तो इथंच वारला. माझ्याजवळ तास होता, त्यातली वीस मिनिटं रिक्षाच्या भाड्यावरून हुज्जत घालण्यात घालवली. बाकी लाल भिंती, मोठ्या खिडक्या, वारा. बाहेर येऊन मी कुणाशी बोललो नाही, बायकोला वाटलं भाड्याचा राग आहे.

उचगाव
आम्हाला समुद्र दिसलाच नाही. एसटी घाटात बंद पडली, पोचलो तेव्हा रात्र. रिक्षावाला भला माणूस, म्हणाला, "एवढ्या लांबून आलायत, निदान ऐकून तरी जा." भाट्याच्या पुलापलीकडं सुरूच्या बनाशी त्यानं रिक्षा थांबवली, इंजिन बंद केलं, दिवे घालवले. मिट्ट काळोख आणि झाडांमागून तो आवाज. आमचं घर हायवेला लागून. धाकटा थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "बाबा, एवढे ट्रक कुठं चाललेत?"