अनुभव धागा : पंखा थांबला की कोकणातल्या घरात उन्हाळा कसा काढता?

श्रीवर्धनहून
काल भर दुपारी वीज गेली आणि तासाभरात पत्र्याखाली बसवेना, म्हणून पाट घेऊन पडवीत आलो. समुद्राकडून खारा वारा सुरू झाला होता, तोच काय तो आधार. तेव्हा या घराचे जुने रूप आठवले. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौले आणि खाली सारवलेली जमीन; जेवणे उरकली की आजी माजघरात चटईही न घेता आडवी होई आणि आम्हा मुलांनाही भुईला पाठ लावायला सांगे. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई, हे तेव्हा कळत नव्हते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने ती कौले नेली. पावसाळा तोंडावर होता, म्हणून घाईने पत्रे घातले, ते आजतागायत तसेच आहेत. तुमचे उपाय जरूर लिहा.

देवगडहून
आम्ही मार्चमध्येच पत्र्यावर बांबू आडवे टाकून त्यांवर झावळ्यांचे झाप अंथरतो. पत्रा आणि झाप यांच्यामध्ये वीतभर फट राहिली पाहिजे, नाहीतर उपयोग निम्मा होतो. पावसाआधी मात्र ते काढावेत, कारण कुजलेल्या झापांखाली उंदीर येतात आणि उंदरांमागून कोण येते, ते सांगायला नको.

रत्नागिरीहून
नागपूरच्या मेहुण्यांनी आग्रह केला, म्हणून आम्ही कूलर घेतला. तिसऱ्या दिवशी उशा दमट झाल्या, पापड मऊ पडले आणि अंग होते त्याहून चिकट झाले. पाणी हवेत उडाले तरच कूलर गारवा देतो. आपल्याकडची हवा आधीच पाण्याने जड झालेली असते, मग ते उडणार कुठे? त्याच कारणाने घामही वाळत नाही. सध्या त्या कूलरमध्ये कांदे ठेवतो.

गुहागरहून
कांदे टिकतात का? आमचे मे महिन्यात कोंब धरतात.

रत्नागिरीहून
टिकतात. तिन्ही बाजूंनी जाळी असल्यामुळे वारा खेळतो. घेतल्याचे तेवढेच सार्थक झाले.

वेंगुर्ल्याहून
पत्रा निदान रात्री लवकर निवतो, स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर ऊन साठवतो आणि आपण झोपायला गेलो की परत करू लागतो. पंखा लावावा, तर तीच तापलेली हवा अंगावर येते. पूर्वी आम्ही तिन्हीसांजेला गच्चीवर पाणी मारत असू, परंतु मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागल्यावर ते मनाला पटेना. गेली काही वर्षे गच्चीला पांढरा चुना लावतो आणि पहाटे मतलई वाऱ्यासाठी पूर्वेच्या खिडक्या उघडतो. फरक पडतो, पण कौलांची सर नाही.

अलिबागहून
मार्च महिन्याला कोणी हलके धरू नये. पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खारा वारा यायला उशीर होतो आणि तेवढ्यात पारा चढतो. अशाच एका दिवशी आईला चुलीपुढे घेरी आली. तापमान 37 अंश होते, हे ऐकून विदर्भातले नातेवाईक हसले. पण किनाऱ्यावर पारा 37 अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाला की हवामान विभागही ती उष्णतेची लाट मानतो. तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाक सकाळी नऊच्या आत आटोपतो आणि दुपारी पेज, लोणचे व मीठ घातलेले कोकम सरबत एवढ्यावर भागते.

मालवणहून
त्या सरबतासाठी रातांब्यांच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हातच ठेवावी लागते. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, त्याचे एवढे तरी ऋण मानावे.

श्रीवर्धनहून
देवगडकर, झापांचे मनावर घेतले आहे. विणणारे आता वाडीत उरले नाहीत, पण काकू विणून द्यायला तयार आहे. पत्र्यावर चढणार कोण, हे मात्र तिने माझ्या पोटाकडे बघून विचारले.