रविवारी खेळाडू निवडायचे आहेत. पहिला कोण घेऊ, स्ट्रायकर की गोलकीपर?

डावा_बॅक_भुसावळ

राम राम मंडळी. आमच्या भुसावळात सहा संघ दिवाळीनंतर आपसात फुटबॉल खेळतात. अकरा-अकरांचे सामने, ३५-३५ मिनिटांचे. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे दहा सामने. येत्या रविवारी नव्या मोसमाची खेळाडू-निवड आहे. यंदा पहिल्यांदाच संघाची जबाबदारी पूर्ण माझ्यावर आहे, म्हणून इथे विचारतोय.

आधी नियम सांगतो. प्रत्येक संघाने १२ जण राखायचे, ४ नवे घ्यायचे. एका संघात तीन वर्षं झाली की खेळाडूला निवडीच्या यादीत यावंच लागतं. मागच्या मोसमात जो शेवटचा, त्याची पहिली पाळी. आम्ही पाचवे होतो, म्हणून आमची दुसरी. पुढच्या फेरीत क्रम उलटतो, त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा सुलटतो. त्यामुळे आमच्या पाळ्या २, ११, १४ आणि २३.

मागच्या मोसमात आम्ही २ जिंकलो, ३ बरोबरीत सोडवले, ५ हरलो. गोल १४ केले, २२ खाल्ले. मी वहीत प्रत्येक गोल लिहून ठेवला आहे. २२ पैकी ११ गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत झाले. ८ गोल आमच्या डाव्या बाजूने आले. मी स्वतः त्याच जागेवर बारा वर्षं खेळलो, म्हणून ते आठ जास्तच लागले. आमच्याकडे डाव्या पायाचा एकही बॅक, म्हणजे मागे राहून अडवणारा, नाही. उजव्या पायाच्या पोराला तिथे उभं करतो, तो चेंडू आत ओढतो आणि बाजू उघडी पडते.

त्यात फेब्रुवारीत आमच्या गोलकीपरला सुरतला काम लागलं. पोराचं भलं झालं, मला आनंदच आहे. पण यादीत आला तरी आम्हीच परत घेत गेलो, असा सहा वर्षं तो गोलमध्ये होता आणि दुसरा कीपर आम्ही कधी तयारच केला नाही. ही चूक आमची.

आता खरा पेच. मागच्या मोसमात ९ गोल मारणारा स्ट्रायकर यंदा यादीत आला आहे. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर जो भेटतो तो म्हणतो, त्यालाच उचल, विचार कसला करतोस? माझ्या मनात मात्र गोलकीपर आहे. वेगळं दिसत असेल तर स्पष्ट सांगा. मी केळीच्या गाड्या भरून रात्री नऊला घरी येतो, त्यानंतर सगळी उत्तरं वाचीन.

धुळ्याचा_हाफ

भाऊ, पहिलं मन्ह सांगस: गोलकीपर गया म्हणजे अर्धा संघ गया, हाई खरं शे. पण म्हणून दुसऱ्याच पाळीला कीपर घ्यायचा, हे त्यातून निघत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली आहे. बाकीच्या पाच संघांना काय हवंय? आपल्याला काय हवं एवढंच बघून जो निवडायला बसतो, तो फसतो. मी अमेरिकेतली एनएफएलची निवड बरीच वर्षं बघतो. तो फुटबॉल हातात धरून पळायचा, आपला नव्हे. पण आळीपाळीने खेळाडू उचलायची रीत तिथे १९३६ पासून चालू आहे. ३२ संघ, सात फेऱ्या, शेवटचा आलेला संघ पहिला. तिथे सगळा वाद एकाच गोष्टीवर असतो: समोर आहे तो सर्वांत चांगला खेळाडू घ्यायचा, की आपल्या संघात जी जागा रिकामी आहे ती भरायची? टॉम ब्रेडी नावाचा खेळाडू २००० साली सहाव्या फेरीत १९९ वा गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे तिथले अंतिम सामने, जिंकला. म्हणजे त्याच्याआधी १९८ वेळा कोणी ना कोणी दुसऱ्याचं नाव घेतलं.

तिथे दर फेरीला क्रम साधारण तोच राहतो. तुमच्याकडे उलटतो. हा फरक कागदावर मांडून बघा. यादीत कीपर किती आहेत, आणि तुमच्याशिवाय कीपर नसलेले संघ किती, एवढं फक्त कळवा. मग सांगतो.

डावा_बॅक_भुसावळ

धुळेकर भाऊ, हे मी मोजलंच नव्हतं. आज दुपारी गाडी भरताना फोनवर सगळ्यांना विचारलं.

यादीत धड कीपर दोन. तिसरा एक शाळकरी पोरगा आहे, अजून कच्चा. चार संघांनी आपापला कीपर राखला आहे. कीपर नसलेले दोघेच: आम्ही, आणि शेवटचा आलेला संघ, ज्याची पहिली पाळी आहे.

धुळ्याचा_हाफ

मग झालं की. त्या संघाच्या पाळ्या १, १२, १३. तुमच्या २, ११, १४. त्यांनी पहिल्याच पाळीला कीपर घेतला, तर दुसरा कीपर नको असलेले चार संघ मधे आहेत, म्हणून उरलेला कीपर ११ पर्यंत तुमच्यासाठी थांबेल. त्यांनी पहिल्या पाळीला दुसरं कोणी घेतलं, तर दोन्ही कीपर मागे राहतात आणि ११ ला तुम्ही त्यांच्या एक पाऊल आधी आहात! दोघांतला हवा तो तुमचा.

एक धोका आहे. मधल्या चौघांपैकी कोणी राखीव म्हणून कीपर उचलला तर? चार जागांत राखीव कीपरवर कोणी पाळी घालवेल असं मला वाटत नाही. पण माणसं तुमच्या ओळखीची आहेत, ते तुम्ही ठरवा.

रेल्वे_कॉलनी_जुना

पोरांनो, मी रेल्वेत ३४ वर्षं काढली आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी गोलमध्ये उभा राहिलो. कीपरच्या पाळीचा हिशोब बरोबर आहे, माझी त्याला हरकत नाही. पण दोन कीपर सारखे समजू नका. ११ ला दोघांतला एक निवडायची वेळ आली तर काय बघायचं ते आताच ठरवून ठेव.

पेनल्टी अडवतो का, हे बघू नको. ते लोकांना आवडतं, पण मोसमात पेनल्टी येतात किती? कॉर्नरच्या वेळी त्याच्याकडे बघ. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्या चौकटीत उभा राहून जो ओरडतो, ‘माझा’ म्हणतो, बॅकला नावाने हाक मारून जागेवर लावतो, तो कीपर. गप्प राहणारा कितीही उड्या मारो, त्याच्यापुढचे चौघे आंधळे होतात.

दुसरं पायाचं. १९९२ पासून आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू कीपरला हातात घेता येत नाही. आमच्या तरुणपणी बॅकने मागे दिला की उचलायचा आणि श्वास घ्यायचा, असं होतं. आता त्याला पायाने खेळता आलंच पाहिजे. आणि २०२५ पासून चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर. तुमचे पंच तो नियम लावतात का ते आधीच विचार. वेळ काढणारा कीपर त्यात तुमचं नुकसान करील.

आता महत्त्वाचं बोलतो. तुझ्या वहीतले ते शेवटच्या पंधरा मिनिटांतले ११ गोल कीपरमुळे झाले असं तुला वाटतं का? तो सहा वर्षांचा मुरलेला कीपर होता ना? मग पाय कोणाचे संपले?

डावा_बॅक_भुसावळ

काका, तुमचा प्रश्न वाचून वही पुन्हा उघडली. ११ पैकी ७ गोलांसमोर मीच लिहून ठेवलंय: ‘मधून मोकळा पास.’ आमचे दोन्ही हाफ, म्हणजे मधल्या फळीतले, पन्नासाव्या मिनिटानंतर मागे येत नव्हते. मी तेव्हा त्यांना बाहेरून ओरडायचो. आता कळतंय की ओरडून उपयोग नव्हता, त्यांच्या अंगात दमच उरत नव्हता.

आणि कारणही माहीत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमची निम्मी पोरं कापूस वेचायला जातात. घरचं काम आहे, त्यांना कोण अडवणार? सरावाला सोळापैकी सात यायची. डिसेंबरात थेट सामन्याला उभे राहायचे.

यादीत एक मधला हाफ आहे. दिसायला काही नाही, मागच्या मोसमात त्याचा एकही गोल नाही. पण त्याच्या संघाविरुद्ध आम्ही दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा आमचा उत्तम खेळाडू त्याने खिशात घातला. दीपनगरच्या वीजकेंद्रात शिफ्टमध्ये काम करतो, रोज सायकलने ये-जा. त्याला दुसऱ्या पाळीला घेतला तर टपरीवाले मला जाब विचारतील. ९ गोलवाला समोर असताना शून्य गोलवाला?

रेल्वे_कॉलनी_जुना

घे त्याला. गोल मारायची जागा संघातल्या कोणाकडून तरी भरून काढता येते, मधली पळून पळून दमवणारी जागा तशी भरता येत नाही.

तुला एक गोष्ट सांगतो. १९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा. जर्नैल सिंग आपला बॅक, थायलंडच्या सामन्यात डोक्याला टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बॅकला ठेवला नाही, बाहेरही बसवला नाही, थेट पुढे फॉरवर्डला खेळवला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध आपण २-१ ने सुवर्णपदक जिंकलो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलचा. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे, हे आम्ही रेल्वेवाले विसरत नाही. मोहन बागान, ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे बडे क्लब दारात असताना तो माणूस रेल्वेकडूनच खेळत राहिला.

तुझ्या १२ जणांत उंच, आडदांड, हेडर मारणारा कोणी बॅक आहे का? त्याला पावसाळ्यात दोन महिने पुढे खेळवून बघ.

सातपुडा_पायथा

मी यावल तालुक्यात शाळेत शिकवतो. डाव्या बॅकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

डाव्या पायाची पोरं मुळातच कमी. ती सापडली की प्रशिक्षक त्यांना पुढे कडेला, विंगला टाकतात, मागे कोणी ठेवत नाही. म्हणून डावा बॅक शोधताना यादीत ‘बॅक’ लिहिलेल्यांत शोधू नका, ‘विंग’ लिहिलेल्यांत शोधा. ज्याला विंगला गोल जमले नाहीत पण जो परत पळत येतो, तो तुमचा बॅक.

तुमच्या यादीत आमच्या पायथ्याच्या गावचा एक पावरा आदिवासी मुलगा आहे, अठराचा. विंग म्हणूनच नाव लिहिलंय. पाय डावा. त्याला मी सुब्रोतो कपच्या शालेय सामन्यांपासून बघतोय. तो थकत नाही. तुमच्याकडे त्याला कोणी ओळखत नाही, त्यामुळे २३ लासुद्धा मिळेल. पण घ्याल तर एक करा. यावलहून भुसावळ वीसेक किलोमीटर आहे, संध्याकाळचा सराव सुटल्यावर त्याला पुढे गावी जायला गाडी नसते. मागच्या वर्षी एका संघाने त्याला घेतलं आणि येण्या-जाण्याचा विचारच केला नाही. पोरगा तीन सामने खेळला आणि बंद झाला. लोक म्हणाले, त्याला खेळायचंच नव्हतं. मला ते अजून बोचतं.

डावा_बॅक_भुसावळ

सर, मी तुम्हाला शब्द देतो, घेतला तर सराव सकाळी ठेवीन. तसंही या उन्हात संध्याकाळी सहालाही जमीन तापलेली असते. नवतपा चालू आहे, पारा ४५ वर. सकाळी साडेपाचला मैदानावर, साडेसातला मोकळं. शनिवारी रात्री तो माझ्या घरी राहील, आईने आत्ताच हो म्हटलं.

आमच्याकडे डाव्या पायाचा आणखी एक आहे यादीत, गावातलाच, तयार बॅक. १४ ला तो मिळाला तर तो, आणि २३ ला सरांचा मुलगा. असं ठरवून जातोय.

डावा_बॅक_भुसावळ (रविवारी रात्री)

झालं. सगळं क्रमाने सांगतो.

शेवटच्या संघाने पहिल्या पाळीला ९ गोलवाला उचलला. टाळ्या पडल्या. दुसरी पाळी माझी. मी दीपनगरच्या हाफचं नाव घेतलं तेव्हा हॉलमध्ये क्षणभर कोणी काही बोललं नाही, मग मागून कोणीतरी विचारलं, चुकून वाचलं का? मी नाव पुन्हा घेतलं. तो मुलगा दारापाशी उभा होता, कामावरून तसाच आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

३ ते १० मधे कोणीच कीपर घेतला नाही. धुळेकर भाऊ, तुमचा हिशोब तंतोतंत उतरला. ११ ला दोन्ही कीपर समोर. काकांचं ऐकून शुक्रवारी मी दोघांना कॉर्नर खेळताना बघून आलो होतो. एक उंच, सुरेख झेप घेणारा, पण पूर्ण वेळ गप्प. दुसरा बुटका, अर्धा तास त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. बुटका घेतला.

मग फटका बसला. त्या संघाच्या १२ आणि १३ या पाळ्या लागोपाठ होत्या, हे मी कागदावर लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ नीट घेतला नाही. १२ ला त्यांनी उंच कीपर घेतला आणि १३ ला आमचा गावातला डावा बॅक. माझ्या तोंडासमोरून. हातातला कागद मी अक्षरशः चुरगळला.

१४ ला सरांच्या मुलाचं नाव घेतलं. २३ पर्यंत थांबायची हिंमत झाली नाही. एकच डावा पाय उरला होता, तोही गेला असता तर पुन्हा तेच आठ गोल. २३ ला एक राखीव हाफ घेतला, कापूस नसलेल्या घरचा, म्हणजे नोव्हेंबरात सरावाला येईल असा.

स्ट्रायकर घेतलाच नाही. काका, आमचा सेंटर बॅक सहा फुटांचा आहे, त्याला उद्यापासून पुढे खेळवून बघतो. तो आत्ताच फोनवर भांडला, म्हणाला मी गोल अडवणारा आहे. त्याला जकार्ताचा सामना सांगितला. म्हणाला, बघतो.

सर, मुलाला सांगा शनिवारी शेवटच्या एसटीने निघायचं, स्टँडवर मी असेन. बूट कोणत्या मापाचे लागतात तेवढं उद्यापर्यंत कळवा, सुरतवाला आमचा जुना कीपर परवा येतोय, त्याला तिकडून आणायला सांगतो.

सातपुडा_पायथा

आठ नंबर. आत्ताच त्याच्या वडिलांशी बोललो. ते विचारत होते, रविवारी सोबत येऊन सराव बघितला तर चालेल का.

डावा_बॅक_भुसावळ

चालेल काय, जरूर या म्हणावं. साडेपाचला. चहा माझ्याकडे.