हवाई रुग्णवाहिकेत पहिला प्रयत्न व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनेच व्हावा का?

उडता दवाखाना
नमनाला घडाभर तेल नको. माझं मत: हवेत किंवा हेलिपॅडवर श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ आली, तर पहिला प्रयत्न व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनेच (घसा उघडून दाखवणाऱ्या, कॅमेरा लावलेल्या उपकरणानेच) व्हावा. साधं मॅकिंटॉश ब्लेड, म्हणजे कॅमेरा नसलेल्या लॅरिंगोस्कोपचं जरा वाकडं पातं, १९४३ सालचं. त्यातून स्वरतंतू दिसायचे तर आपली नजर तोंडातून थेट घशात पोचावी लागते. हेलिकॉप्टरमध्ये रुग्णाच्या डोक्यामागे वाकायला धड जागा नसते आणि अपघातातल्या रुग्णाची मान हलवायची सोय नसते. व्हिडिओत कॅमेराच ब्लेडच्या टोकाजवळ असतो. शिवाय पडदा जोडीदारालाही दिसतो, त्यामुळे स्वरयंत्र कुठे दाबायचं हे रोटरच्या आवाजात ओरडून सांगावं लागत नाही. २०२३ च्या 'डिव्हाइस' चाचणीत पहिल्याच प्रयत्नात नळी बसली ती व्हिडिओने ८५.१ टक्के रुग्णांत, साध्या ब्लेडने ७०.८ टक्के. अजून काय हवं?

जुनं ब्लेड
उरलेला अर्धा निकालही सांगा की. ती चाचणी रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागांत आणि आयसीयूत झाली, विमानात नव्हे. नळ्या टाकणारे बहुतेक शिकाऊ डॉक्टर होते. आणि गंभीर गुंतागुंत? व्हिडिओत २१.४ टक्के, साध्यात २०.९. रुग्णाच्या दृष्टीने फरक कुठे पडला?

वर कॅमेऱ्याचे लाड वेगळेच. रक्ताचा एक थेंब लेन्सवर पडला की पडद्यावर नुसता लाल चिखल. उघड्यावर ऊन असलं तर पडद्यात स्वतःचंच तोंड दिसतं. आणि जास्त वाकडं ब्लेड असेल तर स्वरतंतू झकास दिसतात, पण नळी काही आत जात नाही.

रात्रपाळी
वाकड्या ब्लेडला त्याच वळणाचा कडक स्टायलेट (नळीला आकार देणारी आतली तार) लागतो. साध्या नळीने झुंजत बसलं तर असंच होणार, त्यात कॅमेऱ्याचा काय दोष?

रक्त-उलटीचं म्हणाल तर आधी सक्शन, मागून ब्लेड. जाड सक्शनची नळी पुढे सरकवत घसा साफ करायचा, मग तिचं टोक अन्ननलिकेच्या तोंडाशी डाव्या बाजूला तसंच चालू ठेवायचं. वर येणारं सगळं ती ओढत राहते आणि लेन्स स्वच्छ राहते. मॅनिकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) तोंडात खोटी उलटी सोडून याचा सराव करता येतो. घाण काम आहे, पण उपयोगी.

आणि मॅकिंटॉशच्याच आकाराचं व्हिडिओ ब्लेड मिळतं, हे दोघंही विसरलात. पडदा गेला तर तोंडात थेट बघा, ब्लेड बाहेर काढायचीही गरज नाही.

कुतूहल
मी डॉक्टर नाही. पण उडायच्या आधीच नळी टाकून का घेत नाहीत?

जुनं ब्लेड
लाख बोललात! जमिनीवर चारी बाजूंनी जागा असते, प्रकाश हवा तसा करता येतो आणि मदतीला माणसं असतात. ज्याचा श्वास वाटेत बिघडेल अशी शंका आहे, त्याची नळी निघण्याआधीच टाकावी. कुठलं ब्लेड, हा त्यानंतरचा प्रश्न.

उडता दवाखाना
तत्त्व मान्य. पण भाजलेल्याचा घसा किती वेगाने सुजेल, हे दर वेळी कळतं का? आणि आधी टाकलेली नळीही वाटेत निसटू शकते. अशा वेळी पायलटला 'जरा उतरवा' म्हणायची सोय असतेच असं नाही.

रात्रपाळी
आधी टाकली म्हणजे सुटलो असंही नाही. विमान वर गेलं की नळीच्या कफमधली (टोकाजवळच्या फुग्यातली) हवा फुगते. केबिनचा दाब ८००० फुटांवर असतो तसा झाला की ती साधारण एक तृतीयांशाने वाढते. कफचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंमी इतकाच हवा, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. म्हणून चढताना मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून हवा कमी करायची आणि उतरताना पुन्हा भरायची, नाहीतर बाजूने गळती. नळी जागेवर आहे का हे स्टेथोस्कोपने ऐकू म्हणाल तर इंजिनच्या घरघरीत काही कळत नाही. कॅप्नोग्राफवर (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर) दर श्वासाला लाट उमटते आहे ना, ते बघायचं. माझ्या मते ब्लेडपेक्षा त्या लाटेवर वाद घाला.

उडता दवाखाना
तिच्यावर वाद कुणाचाच नाही हो. मग ठरलं का? मॅकिंटॉश आकाराचं व्हिडिओ ब्लेड पहिलं, बूजी (जिच्यावरून नळी आत सरकवतात ती लवचिक काडी) हाताशी, साधं ब्लेड बॅगेत.

जुनं ब्लेड
अंशतः सहमत. टीमला नियमितपणे ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवून, पडदा झाकून थेट बघत नळ्या टाकायला लावणार असाल तर माझी हरकत नाही. तो खर्च आणि वेळ यादीत धरणार नसाल, तर माझं मत विरोधातच मोजा.