क्वांटम संगणकाचे रँडम आकडे : डोंगर पोखरून उंदीर?

पाचवा_फासा : मार्च २०२५ मध्ये जेपी मॉर्गन चेस ही बँक, क्वांटम संगणक बनवणारी क्वांटिन्यूम आणि मंडळींचा निबंध 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. ५६ क्यूबिटांच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) यंत्रातून ७१,३१३ बिट 'प्रमाणित', म्हणजे पुराव्यानिशी, रँडमपणा. म्हणजे नऊ किलोबाइटसुद्धा नाही! आणि ते तपासायला सगळे मिळून १.१ एक्साफ्लॉप्स (सेकंदाला अब्ज गुणिले अब्ज आकडेमोडींहून जास्त) ताकदीचे महासंगणक जुंपले. माझ्या लॅपटॉपची चिप एवढे आकडे डोळ्याचं पातं लवायच्या आत देते. क्वांटमच हवं असेल तर अर्धपारदर्शक आरशावर एकेक फोटॉन सोडा : आरपार गेला तर ०, परतला तर १. प्रकाशातून क्वांटम रँडम आकडे काढणाऱ्या चिपचे फोनही २०२० पासून विकले जाताहेत, त्यांची पद्धत जरा वेगळी.

कवडीमोल : चिप आकडे देते हो, पण ते रँडम आहेत हे तुम्हाला कसं कळलं? कारखान्यातून भरून आलेली यादी ती वाचून दाखवत असेल तर? सांख्यिकी चाचण्या तर पायचे (π) ठरलेले अंकही पास होतात. ड्युअल ईसी आठवतंय का? रँडम आकडे काढायची अमेरिकी सरकारमान्य पद्धत, तिच्यात एनएसए या तिथल्या गुप्तचर संस्थेचं चोरदार असल्याचा बोभाटा २०१३ मध्ये झाला, मग यादीतून काढली.

या क्वांटम प्रयोगातली गंमत वेगळी आहे. यंत्राला ऐन वेळी नवं सर्किट, म्हणजे क्यूबिटांवर करायच्या क्रियांची यादी, द्यायचं, उत्तर दोनेक सेकंदांत मागायचं. तेवढ्यात साध्या महासंगणकाला नक्कल जमत नाही, त्यामुळे पाठ केलेलं उत्तर चालत नाही. पडताळणी मागाहून, सवडीने. यंत्र कोणाचं का असेना! संगणकशास्त्रज्ञ स्कॉट आरन्सन यांनी २०१८ मध्येच ही कल्पना मांडली होती.

पाचवा_फासा : पण सर्किट निवडायला आधी थोडे रँडम आकडे, बीज म्हणून, लागतातच ना? दही लावायला दही.

कवडीमोल : लागतात. पण विरजण चमचाभर, दही पातेलंभर.

खोडरबर : दोघेही तळटीप विसरलात. निबंधातच म्हटलंय की हमी मर्यादित ताकदीच्या फसवणाऱ्यापुरती आहे, वर आणखी गृहीतकं. शिवाय भोकं पडतात ती भलतीकडेच. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत कोणीतरी प्रोग्रॅममधल्या एक-दोन ओळी गाळल्या आणि एकेका प्रकारच्या गुप्त किल्लीला जेमतेम बत्तीसेक हजार पर्याय उरले. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. तिथे क्यूबिट काय करणार, कपाळ?

कवडीमोल : काही नाही. पण घरांच्या सोडतीत नंबर न लागलेल्या माणसाला 'संगणकाने काढलं' एवढ्यावर गप्प बसवता येत नाही. त्याला पुरावा देता आला तर?

पाचवा_फासा : द्या की. तपासायला महासंगणक तो कुठून आणणार, तेवढं सांगा.