कोथरूड ते हिंजवडी रोज स्कूटीने, रायडिंग गिअर (हेल्मेट, जॅकेट वगैरे) काय घेऊ?

पुढच्या महिन्यापासून ऑफिस रोज आहे, चांदणी चौकातून बायपासने जाणार. सध्या हाफ हेल्मेट, स्कार्फ आणि सनकोट एवढंच आहे. एप्रिल-मेच्या उन्हात रायडिंग जॅकेट सहन होतं का? बजेट सहा-सात हजार.

उत्तर १:
ताई, आधी हाफ हेल्मेट बदला, हनुवटी उघडी राहते त्यात. फुल फेसच घ्या, आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) लिहिलेलं बघून (१ जून २०२१ पासून त्याशिवाय विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला मिळतातच). पट्टा लावून डोकं हलवा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. आणि आतून जाड स्कार्फ नको, फिटिंग बिघडतं, पातळ कॉटनचा बालाक्लाव्हा (डोकं-मान झाकणारी टोपी) घाला.

उत्तर २:
मी तर म्हणेन हेल्मेटनंतर लगेच ग्लोव्हज. वाकडजवळ वळताना बारीक खडीवर माझी गाडी घसरली, स्पीड तीसच्या आत होता, पण पडताना हात आपोआप पुढे जातो ना, तळहाताची सालटं निघाली आणि पंधरा दिवस पोळी लाटता आली नाही. तळव्याला पॅडिंग असलेलेच घ्या. जॅकेट मेशचं (जाळीचं) घ्या, गाडी चालू असली की वारा लागतो, सिग्नलला मात्र उकडतं. खांद्या-कोपराला सीई आर्मर (युरोपीय सुरक्षा मानकाचे संरक्षक पॅड) हवंच, नुसता फोम नको.

उत्तर ३:
पावसाळ्यासाठी पॅन्ट-जॅकेटवाला रेनकोट, पोंचो अजिबात नको, वाऱ्याने फुगतो. हेल्मेटची काळी काच रात्री काढाच.